व्हॉल्व्हवरचा बाण

पाणी आलं तर जयवंतरावांना मिळणार होती झोप, समुद्र आणि मुलाच्या दिवाणखान्यातून सुटका. नाही आलं तर त्यांची होडी जाणार होती नागावच्या एका रिसॉर्टवाल्याकडे. तो ती हिरवळीवर मांडून तिच्यात आइस्क्रीम विकणार होता. मी हा जमाखर्च मनात मांडत होतो तेव्हा जयवंतराव कमरेपर्यंत ओट्याखाली होते, उरलेले माझ्या पायांशी होते, आणि आतून आवाज येत होता, "रमाकांतराव, दाबा."

मी पायपंप दाबला. नळानं एक ढेकर दिला. पाणी नाही.

"अजून दाबा."

"टाकीत पाणीच नाही, तर दाबून काय येणार?"

"काल संध्याकाळी टाकी काठोकाठ होती."

"काल होती."

आतून पाना पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक इंग्रजी शब्द. जहाजावर तीस-बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचे शब्द मी इथे लिहीत नाही.

जयवंतराव गुप्ते हे माझे साडू. माझ्या बायकोची, सुनंदाची, थोरली बहीण इंदुमती ही त्यांची बायको. ते मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर होते. इमारतीएवढाली इंजिनं त्यांनी चालवली, वादळात बंद पडलेली चालू केली, आणि निवृत्त होऊन ठाण्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा त्यांची झोपच गेली. जमीन हलत नाही, हे कारण. रात्रभर दिवाणखान्यात येरझारा घालायचे. पहाटे कुठे डोळा लागायचा, तेवढ्यात नातवाच्या शाळेची बस यायची.

मग त्यांनी 'मारिका' घेतली. एक डच इंजिनिअर मायदेशी परतताना ही शिडाची होडी त्यांच्या गळ्यात घालून गेला. सागवानी, देखणी आणि म्हातारी. ती रेवदंड्याच्या खाडीत नांगरून ठेवलेली होती. जयवंतरावांचा बेत असा, की तिच्यावरच राहायचं, हवा बघून निघायचं, आधी गोवा, मग कारवार, मग कोची.

इंदूताईनं एकच अट घातली होती. "मला पडदे नकोत, पंखा नको. स्वयंपाकघरात पाणी हवं. पाणी असलं की मी कुठेही राहीन."

मुलानं, म्हणजे शिरीषनं, ही अट उचलून धरली. तो पंप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. "बाबा, आठवडाभर राहून बघा. रविवारी मी येतो. नळाला पाणी असेल तर आई तिथे राहील, मी एक शब्द बोलणार नाही. नसेल तर त्या रिसॉर्टवाल्याला मी फोन करणार. कबूल?"

"कबूल," जयवंतराव म्हणाले होते. ज्या माणसानं बॉयलरशी संसार केला, त्याला स्वयंपाकघरातल्या नळाचं काय?

मी कशाला गेलो? मी हिशेबतपासनीस माणूस, रजा साठलेली, आणि खाडीत मासळी ताजी. शिवाय सुनंदाला होडीत मळमळतं, पण बहिणीचं कसं चाललंय हे तिला रोजच्या रोज कळायला हवं होतं. हेराला जेवण फुकट असतं.

स्वयंपाकाची जागा जिन्याच्या पायथ्याशी होती. एक माणूस वळेल एवढीच. स्टोव्ह, सिंक आणि सिंकखाली दोन पायपंप. डावा टाकीतल्या गोड्या पाण्याचा, उजवा खाडीतल्या खाऱ्याचा. भांडी खाऱ्यानं घासायची, गोड्यानं विसळायची, अशी त्या डचाची रीत. सिंकमधलं सांडपाणी एका नळीनं थेट खाडीत जायचं. याखेरीज एक पितळी हातपंप होता, तो कशालाच जोडलेला नव्हता. आणि एक विजेचा पंप होता, तो कशाला जोडलेला होता ते कुणालाच माहीत नव्हतं. होडीचे मालक झाले चार-पाच. प्रत्येकानं आपल्या परीनं काही ना काही जोडलं, काढलं कुणीच काही नाही. तांब्याच्या नळीला रबरी नळी, तिला प्लास्टिकची, मध्येच एक फाटा फळीआड गेलेला. जुन्या घराण्याच्या वंशावळीसारखं ते प्रकरण होतं. कोण कुणाचं, हे सांगायला म्हातारं माणूस उरलं नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातल्या नळावरून कॅन भरून आणले, टाकी भरली. इंदूताईनं पायपंप दाबला, धार आली. तिनं नळाला हळदकुंकू लावलं. जयवंतराव माझ्याकडे बघून असे हसले, की जणू कोची दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी कोरडी.

"गळतीय," जयवंतराव म्हणाले. आम्ही पुन्हा कॅन आणले. आमची छोटी होडी 'मारिका'ला लागली तेव्हा इंदूताई कठड्यापाशी उभी होती. "आलं का पाणी?" तिनं हसून विचारलं आणि स्वतः कॅनला हात लावला. ती खुशीत होती. केस विंचरून मोकळे सोडलेले, देव मांडून झालेले, घरून भिजवून आणलेल्या वालांना मोड आलेले.

"तुला आवडलं इथं," जयवंतराव म्हणाले.

"आवडलं म्हणजे काय. सकाळी उठल्यावर इतकं बरं मला किती वर्षांत वाटलं नव्हतं."

जयवंतरावांनी ते समुद्राच्या हवेच्या खाती जमा केलं.

त्या दिवशी आम्ही टाकी बाहेर काढली. ती काढण्यासाठी बाकाची फळी काढावी लागली, फळीसाठी कप्पा, कप्प्यासाठी इंदूताईच्या मसाल्यांचे डबे. टाकी पालथी घातली, ठोकली, साबणाचा फेस लावून तिच्यात हवा भरली. एक बुडबुडा नाही. होडीच्या तळाशी जिथे गळलेलं पाणी साठायला हवं, तिथे मी हात घालून पाहिलं. कोरडं ठणठणीत. एक झुरळ होतं, तेही तहानेलं वाटलं.

"खाली नाही गळालं, म्हणजे बाहेर गेलं," जयवंतराव म्हणाले. "कुठेतरी गोड्याची नळी खाऱ्याच्या नळीला मिळालीय. रात्रीत पाणी आपसूक खाडीत ओढलं जातंय."

त्यावर उपाय म्हणून त्यांनी एक व्हॉल्व्ह बसवला. पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा, उलट येऊ न देणारा. तो आणायला अलिबागला गेले, परत आले, पाय पसरून ओट्याखाली शिरले. बसवून बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर ग्रीस होतं आणि चेहऱ्यावर जुना चीफ इंजिनिअर.

"इंदू, आता टाकी हलते का बघ."

"टाकी कशी हलेल?" इंदूताई म्हणाली. ती डेकवर वाल सोलत बसली होती. "हात धुवा. बिरड्याला नारळ खवायचाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी टाकी कोरडी.

मला वाटतं, बिघाड माणसाला दोनदा छळतो. एकदा असल्याबद्दल आणि एकदा सापडत नसल्याबद्दल. जयवंतराव बसेचनात. पुढे जायचे, मागे यायचे, जिना उतरायचे, चढायचे. होडी नांगराभोवती फिरायची आणि हे होडीत फिरायचे. रात्री झोप येत नाही म्हणून वरती डेकवर पथारी टाकत. मी पुढच्या केबिनमध्ये. माझीही झोप धड होईना. पहाटे इंदूताईचं स्तोत्र ऐकू यायचं, पायानं ताल धरून म्हणायची. त्यात पुन्हा डोळा लागायचा. उठून बघावं तर टाकी रिकामी आणि जयवंतराव वरती घोरत, कारण त्यांना झोप यायची ती नेमकी तेव्हाच.

शुक्रवारी संशयाचं बोट वळलं.

"रमाकांतराव, तुम्ही आंघोळ कशानं करता?"

"खाडीत उडी मारतो."

"आणि नंतर?"

"पंचानं पुसतो."

"अंग चिकट होत नाही?"

"होतं."

"मग?"

"मग चिकट अंगानं तुमच्या प्रश्नांना उत्तरं देतो."

ते हसले नाहीत. "रागावू नका. मी एकेक शक्यता काढून टाकतोय."

"मग मलाच काढून टाका. दुपारची एसटी आहे."

"अहो, काय हे," इंदूताई मध्ये पडली. "भावोजी कशाला पाणी घेतील?"

"बरं, तू?" जयवंतराव तिच्याकडे वळले. "इंदू, रात्री-पहाटे टाकीतलं पाणी वापरतेस का तू? खरं सांग."

"मी?" ती खरंच चकित झाली. "एक थेंब नाही वापरत. संध्याकाळची भांडीसुद्धा खाऱ्यानं घासते."

"नाही ना वापरत?"

"देवाशपथ नाही."

इंदूताई देवाची शपथ उगाच घेणारी नव्हे. म्हणजे तिघांपैकी कुणीच पाणी वापरत नव्हतं, टाकी गळत नव्हती, तळ कोरडा होता आणि पाणी जात होतं. मी आयुष्यभर लोकांची खाती तपासली. अशी तूट मला भेटली नव्हती.

शनिवारी जेवणं झाल्यावर इंदूताई वर वाऱ्याला गेली, तेव्हा जयवंतरावांनी मला हळूच खाली बोलावलं. त्यांच्या हातात तिच्या आगळाच्या दोन बाटल्या होत्या. कोकमाचं आगळ, गावाहून खास आणलेलं.

"रंग," ते कुजबुजले. "जहाजावर आम्ही असंच करायचो. पाण्याला रंग द्यायचा, म्हणजे जातंय कुठे ते दिसतं. हे पोटात गेलं तरी अपाय नाही."

"उलट पित्ताला बरं. पण ती विचारेल."

"उद्या मी तिला दोन पिंपं आगळ आणून देईन. उद्या शिरीष येतोय, रमाकांतराव." हे शेवटचं वाक्य त्यांनी फार हळू म्हटलं. मी टाकीचं झाकण धरलं, त्यांनी बाटल्या उपड्या केल्या.

रविवारी उजाडताना, पहिल्यांदाच, त्यांनी मला हलवून उठवलं. टाकी कोरडी होती. आम्ही टॉर्च घेऊन रांगलो. तळ पाहिला, फळ्यांमागे पाहिलं, नळ्यांचे सांधे पाहिले. लाल धार सोडा, गुलाबी थेंबसुद्धा नाही.

जयवंतराव ताडकन उठले. हत्यारांच्या पेटीतून हॅकसॉ काढला, फळी उखडली आणि तांब्याची नळी कापायला लागले.

"अहो, शिरीष दुपारी येतोय. हे परत जोडणार कधी?"

"आत काय आहे ते मला बघायचंय."

"आत भोक आहे. नळीत तेच असतं."

ते कापत राहिले. मी छोटी होडी सोडली आणि एकटाच पाणी आणायला गेलो. परतलो तेव्हा ओट्याची पार दैना झाली होती. पंप सुटलेले, नळ्यांचे तुकडे बाकावर ओळीनं मांडलेले, विजेच्या पंपाच्या वायरी लोंबकळणाऱ्या. चीफ इंजिनिअर मध्ये फतकल मारून बसले होते. इंदूताईनं माझ्याकडून कॅन घेतला, स्टोव्ह वरती डेकवर नेला आणि थोड्या वेळानं तिघांचा चहा घेऊन जिना उतरली. नवऱ्याच्या हातात कप देत ती म्हणाली, "टाकीला आतून गंज लागलाय हो. आज पाणी लालसर येत होतं. बरं झालं, मी सगळं काढून टाकलं. आणि माझं आगळ कुणी संपवलं?"

चहा माझ्या ओठांपर्यंत आला होता. तिथेच राहिला.

"काढून टाकलंस," जयवंतराव म्हणाले. "कुठे?"

"मोरीत." सिंकला ती मोरी म्हणायची. "रोज टाकते तसंच."

"रोज?"

"मग शिळं पाणी तसंच ठेवू? त्यावर तुम्ही ताजं ओतणार, म्हणजे ताजंही शिळं. पहाटे स्तोत्र म्हणता म्हणता पाय चालवते. स्तोत्र दोनदा झालं की टाकी रिकामी. तोवर तुमची पाणी आणायची वेळ होते."

तिचा हिशेब चोख होता. ती टाकी रिकामी करायची कारण आम्ही रोज सकाळी पाणी आणायचो, आणि आम्ही रोज सकाळी पाणी आणायचो कारण टाकी रिकामी असायची. सकाळी नळाला पाणी येतं आणि पिंप धुऊन भरायचं, हे तिच्या लेखी जगात सगळीकडे तसंच.

"मी तुला विचारलं होतं इंदू. पाणी वापरतेस का म्हणून."

"आणि मी सांगितलं नाही वापरत म्हणून. शिळं पाणी कुणी वापरतं का?"

"मग आम्ही हे सगळं कशासाठी उचकटतोय असं तुला वाटलं?"

"तुम्हाला खोलल्याशिवाय चैन पडतं का? मला वाटलं, रमताय. बरं वाटलं."

जयवंतरावांनी हातातला नळीचा तुकडा खाली ठेवला. "घरीही असंच करतेस?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून. तुमच्याच आईची शिस्त. रात्रीचं पाणी सकाळी झाडांना, मग पिंप घासायचं, ताजं भरायचं, पहिला तांब्या देवाला."

"मी कधी पाहिलं नाही."

"तुम्ही असायचात कुठे? आणि असायचात तेव्हा त्या वेळी उठायचात का?"

ती रागानं म्हणाली नव्हती, आठवण द्यावी तसं म्हणाली. पण जयवंतरावांचा चेहरा असा झाला, की मी जिन्याकडे बघायला लागलो. बत्तीस वर्षांत ते आपल्या घरात किती सकाळी जागे होते, याची बेरीज ते करत असावेत.

मीच शेवटी हसलो. "चला, म्हणजे होडी ठणठणीत आहे. शिरीषला सांगून टाकू. हसेल आणि विषय संपेल."

इंदूताई हसली नाही. तिनं माझ्या हातातला कप घेतला. तो रिकामा झाला नव्हता तरी घेतला.

"सांगणारच का त्याला?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"सांगावं लागेल. ही दैना बघून विचारेलच की."

"मग सांगा." ती कप धुवायला वळली, पण धुवायला नळच नव्हता. तशीच उभी राहिली. पाठमोरी बोलायला लागली. "गेल्या वर्षी सोसायटीत टँकर सुरू झाले. सूनबाईनं, केतकीनं, मला सांगितलं, आई, रोज पिंपभर पाणी ओतू नका. तिचं काही चुकलं नाही, टँकरचं पाणी आहे. मी बंद केलं. पण एक दिवस राहवलं नाही, अर्धं ओतलं. शिरीषनं बघितलं. म्हणाला, आई, तू हट्टी आहेस की अडाणी, एकदाच काय ते सांग. केतकीसमोर, पोरासमोर. तेव्हापासून मी शिळंच पाणी भरते देवाला. इथे आले तर रोज ताजं. कुणी विचारलं नाही, कुणी टोकलं नाही. म्हणून मला बरं वाटत होतं हो. हवाबिवा काही नाही."

जयवंतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. मग उठले आणि मला म्हणाले, "तो लांब रबरी पाइप द्या. विजेचा पंप काढून टाका, हातपंप काढून टाका. टाकी, पायपंप, नळ. बाकी काही नको."

आम्ही कुत्र्यासारखे धापा टाकत काम केलं. जुनं सगळं वजा केलं आणि मग दिसलं, की मुळात होतं किती थोडं. नळी आवळायला क्लॅम्प सापडेना, तेव्हा इंदूताईनं परकराची नाडी ओढून दिली. दुपारी एका कोळ्याच्या होडीतून शिरीषची हाक आली तेव्हा शेवटचा सांधा मी आवळत होतो.

शिरीष जिना उतरला, वाकून सगळं बघितलं. बाकावर तुकडे, फळ्या उखडलेल्या, बाप घामाघूम. वाईट मुलगा नव्हे तो. काळजी करणारा मुलगा, आणि तसा मुलगा जास्त अवघड.

"बाबा, हे काय?"

"पाणी गळत होतं. सापडलं."

"कशात?"

मी जयवंतरावांकडे बघत होतो. इंदूताई देवाजवळची समई पुसत होती. आधीच लखलखीत होती ती.

"व्हॉल्व्हमध्ये," जयवंतराव म्हणाले. "मी उलटा बसवला होता."

शिरीष हसायलाच लागला. "तुम्ही? बाबा, त्याच्यावर बाण असतो. पाणी कुठल्या दिशेला जातं त्याचा. आमच्याकडे शिकाऊ पोरंसुद्धा चुकत नाहीत."

"चष्मा नव्हता. बाण दिसला नाही."

"इतके दिवस दिसला नाही?"

"चार दिवस."

शिरीषनं पायपंप दाबला. धार आली, स्वच्छ, जाडजूड. त्यानं अजून दोनदा दाबला. मी मनात म्हटलं, सुटलो. पण शिरीषचं हसू मावळत चाललं होतं.

"पाणी आलं, मी शब्द मोडत नाही. होडी राहू दे. पण बाबा, तुम्हाला बाण दिसला नाही. उद्या समुद्रात इशाऱ्याचा बोया दिसला नाही तर? बरोबर आई असणार. मी ठाण्यात बसून काय करू?"

"मला सगळं दिसतं."

"बाण?"

उत्तर जयवंतरावांच्या ओठांवर होतं, आणि ते एका वाक्याचं होतं.

"मला वचन द्या," शिरीष म्हणाला. "खाडीत हवं तेवढं फिरा. खाडीच्या तोंडाबाहेर जायचं नाही."

इंदूताईनं समई खाली ठेवली. "शिरीष," ती म्हणाली, "ऐक, तो व्हॉल्व्ह—"

"इंदू," जयवंतराव म्हणाले, "त्याला चहा दे. उन्हातून आलाय." मग मुलाकडे वळून त्यांनी हात पुढे केला. "दिलं वचन."

तो हात पुढे होताना मी पाहिला. गोवा गेलं, कारवार गेलं, कोची गेलं. बापानं मुलाला आशीर्वाद द्यावा तितक्या सहज हाताची हालचाल होती.

याला आता वीसेक वर्षं झाली. गुडघ्यांनी जिना नाकारला तोवर दोघं त्या होडीवर राहिली. रोज पहाटे जयवंतराव कॅन घेऊन बंदरावर जायचे, टाकी ताजी भरायचे. कधी शीड उभारायचे, खाडीच्या तोंडापर्यंत जायचे, आणि वळायचे. त्यांना झोप मात्र लागायला लागली होती. तेवढं त्यांच्या पदरात पडलं.

शिरीषनं काही भरलं नाही. उलट त्याला फुकटात एक गोष्ट मिळाली, आणि ती तो फार छान सांगतो. चीफ इंजिनिअर, एवढासा व्हॉल्व्ह आणि त्याच्यावर हा असा बाण. लग्नाच्या मांडवात खुर्च्या हसतात. जयवंतराव सगळ्यांत मोठ्यानं हसतात. त्यांना जे द्यायचं होतं ते त्या दुपारी एकरकमी देऊन ते मोकळे झाले.

इंदूताई हसत नाही. पानातलं चिवडत खाली बघत बसते. एका वाक्यात ती हे थांबवू शकते, आणि थांबवलं तर नवऱ्यानं दिलेलं वाया जातं. म्हणून प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत, बारशात, ती गोष्ट संपेपर्यंत बसून राहते. ती हप्त्यानं भरते आहे, आणि शिरीषला नातवंडं व्हायची अजून बाकी आहेत.